अंगाची ओळख

आजचा विषय असा आहे, की चारचौघांत त्याचं नाव काढलं तरी माणसं खाली पाहू लागतात. विषय आहे उघड्या शरीराचा, आणि त्याच्या लाजेचा.

मराठीत यावर निर्भीडपणे लिहिलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. मुखपृष्ठावर नग्न चित्र असे. युरोपातल्या विवस्त्र संघांचाही ते पुरस्कार करीत. शरीर मुळात अश्लील नसतं, हे त्यांचं म्हणणं. खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही.

कुणी म्हणेल, हे पश्चिमेचं खूळ. पण दिगंबर मुनी आपलेच, कुंभातले नागा साधूही आपलेच. बाराव्या शतकात वस्त्रं टाकून कल्याणला, म्हणजे आपल्या शेजारच्या बसवकल्याणला आलेली अक्कमहादेवी आपलीच. दिल्लीत जामा मशिदीजवळ ज्याची कबर आहे, तो फारसी रुबाया लिहिणारा नग्न फकीर सरमदही आपलाच. पण ही सगळी विरक्त माणसं. त्यांनी देहाचा मोहच सोडला होता. तुम्हा-आम्हा संसारी माणसांना या देहासोबतच दिवस काढायचे आहेत. मग त्याच्याशी अबोला धरून कसं चालेल?

आमच्या हिमायतनगरकडची पोरं पैनगंगेत डुंबायची, तेव्हा काळा-गोरा, लुकडा-जाडा असा हिशेब कुणी करत नसे. मुलींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. माझ्या एका खालाच्या छातीत गाठ होती. तिनं ती दीड वर्ष पदराखाली लपवली. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे अंग उघडायचं, ही भीती मरणाच्या भीतीहून मोठी ठरली. गाठीची जखम झाली, वास येऊ लागला, तेव्हा घराला कळलं. उशीर झाला होता.

आमच्या धर्मात ‘सतर’ आहे, म्हणजे झाकण्याची मर्यादा. पुरुषासाठी ती नाभीपासून गुडघ्यापर्यंत; बाईसाठी अधिक. पण इलाजासाठी गरजेपुरतं अंग दाखवायला तोच धर्म मोकळीक देतो. हे खालाला कुणी सांगितलंच नव्हतं. मर्यादा वेगळी आणि किळस वेगळी. मर्यादा अंगाचा मान राखते, किळस त्याला वाऱ्यावर सोडते.

अब्बांच्या मय्यतीला गुस्ल देताना, कमरेवर कापड ठेवून, मी त्यांची पाठ प्रथमच नीट पाहिली. पोती वाहून खांद्यावर घट्टे पडले होते. वाटलं, या अंगावर आमचं सगळं घर उभं होतं, आणि आम्ही त्याची विचारपूस कधी केली नाही.

कपडे उतरवा, असं माझं सांगणं नाही. एवढंच करा: लेकीला तिच्या अवयवांची नावं न लाजता सांगा. कुणाच्या रंगावरून, पोटावरून थट्टा करू नका. आंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगाकडे आपुलकीनं पाहा. आणि गाठ हाताला लागली, तर आजच दवाखाना गाठा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)