समोरची खुर्ची



मी डॉक्टर आहे. नोकरीची सगळी वर्षं मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. तुमच्या पदवीदानाला बोलायचं बोलावणं आलं तेव्हा ठरवलं की जे आपण जवळून पाहिलंय त्याबद्दलच बोलायचं. माणसं किती जगतात आणि कोण आधी जातं, याबद्दल.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. एकाच आठवड्यात टीबीचे दोन रुग्ण आले. एक झेडपीच्या शाळेतले गुरुजी, दुसरा शेजारच्या गावचा सालगडी. दोघंही चाळिशीच्या आतले, दोघांच्याही थुंकीत जंतू सापडलेले, आणि दोघांना औषध एकाच सरकारी कपाटातलं, फुकट. गुरुजी आले तसं मी म्हणालो, "या गुरुजी, बसा." समोरची खुर्ची पुढे केली. त्यांनी विचारलं, गोळी नेमकी केव्हा घ्यायची, लघवी लाल झाली तर घाबरायचं का, पोरांना लागण होईल का, किती महिने घ्यावी लागेल. मी एकेक उत्तर दिलं, त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. सालगडी आला तेव्हा ओपीडीत गर्दी होती. तो उभाच राहिला. केसपेपरवरची मान वर न करता मी म्हणालो, "गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. पुढचा कोण आहे?" तो "बरं साहेब" म्हणाला आणि गेला.

दोन महिन्यांनी परत आला तेव्हा सदऱ्याखालून खांद्याची हाडं दिसत होती. गोळ्यांची पुडी जवळजवळ भरलेली. मी आवाज चढवला, "गोळ्या का घेतल्या नाहीत?" त्याला ते लागलं. म्हणाला, "घेतल्या की साहेब. उपास असतोय त्या दिवशी. दर सोमवारी आन् एकादशीला. एकबी चुकवली न्हाई."

पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही. गुरुजी बरे झाले, पेन्शनीत गेले, नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः घरी आले.

बरीच वर्षं मी या मरणाला अडाणीपणाचं मरण म्हणत होतो. तसं ते नव्हतं. मी जे सांगितलं ते त्या माणसानं तंतोतंत पाळलं होतं. टीबीबद्दल गुरुजींना तरी कुठं काही माहीत होतं? पण त्यांच्याकडे शिक्षण होतं, म्हणून त्यांना खुर्ची मिळाली. प्रश्न विचारायचा धीर त्यांच्यात होता आणि उत्तर देणं मला भाग होतं. आयुष्याची वर्षं अशीही वाटली जातात, हे मला त्या पुडीनं शिकवलं.

पुढे वाचत गेलो तसं कळलं की हा केवळ माझ्या ओपीडीचा प्रश्न नाही. लंडनमध्ये १९६७ साली सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काय दिसलं? सगळ्यांना कायमची नोकरी, दवाखाना सगळ्यांना फुकट, उपाशी कुणीच नाही. तरीही निरोपे, दरवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होतं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही निम्म्याहून जास्त फरक उलगडत नव्हता. मला सर्वांत अस्वस्थ केलं ते दुसऱ्या पायरीवरच्या माणसांनी. ती गरीब नव्हती, चांगली शिकलेली होती, पण पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर जात होती. म्हणजे ही फक्त गरिबीची कडा नाही, हा वरपासून खालपर्यंतचा जिना आहे. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बायकांनाही घेतलं. त्यातून एक कारण ठळकपणे पुढं आलं: आपल्या कामावर, आपल्या दिवसावर स्वतःचा ताबा किती.

हा ताबा नसणं म्हणजे काय, ते लंडनला न जाता आपल्याला बीडमध्ये दिसतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं यांना त्या हिशेबात जागाच नाही. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. माझ्यासमोर अशा बायका आल्या आहेत. मी कारण विचारलं की बहुतेक जणी एवढंच म्हणायच्या, "डाक्टर म्हनले, कॅन्सर होईल." पुढचा प्रश्न त्यांनी त्या डॉक्टरला विचारला नव्हता. त्या उभ्या होत्या.

इथं जातीबद्दल बोललो नाही तर मी अर्धंच बोललो असं होईल. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांसह नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं सरासरी आयुर्मान चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचं तीन वर्षांहून अधिक कमी. सांपत्तिक स्थितीतला फरक धरला तरी निम्मं अंतरसुद्धा त्यानं उलगडलं नाही. पैसा आला तरी खुर्ची आपोआप येत नाही.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की शिक्षणानं आयुष्य वाढतं, की ज्यांच्या घरी आधीच बरं चाललंय तेच शिकतात? दोन्ही खरं आहे. पण लोकसंख्येचे अभ्यासक जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातल्या योरुबा कुटुंबांबद्दल जे मांडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. घरची परिस्थिती सारखी, दवाखाना सारखाच जवळ, तरी शिकलेल्या आईची मुलं जास्त जगत होती. शाळेत तिला बालसंगोपनाचे धडे दिले होते असं नाही. ताप आलेलं मूल उचलून दवाखान्यात न्यायला ती सासूच्या परवानगीची वाट पाहत थांबत नव्हती, आणि तिथं गेल्यावर नर्स तिचं ऐकून घेत होती.

अमेरिकेत तर ही रेघ आज नेमकी तुमच्या हातात येणाऱ्या कागदावरून जाते. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांच्या हिशेबात पदवीधर आणि बिगरपदवीधर प्रौढांच्या आयुर्मानातलं अंतर १९९२ साली सुमारे अडीच वर्षं होतं, २०२१ साली ते साडेआठ वर्षं झालं. श्रीमंत देशातली ही गत. पदवीवाल्यांनी सगळ्या खुर्च्या आपल्याकडे ओढून घेतल्या की बाकीच्यांची वर्षं कमी होतात, असा मी त्याचा अर्थ लावतो.

उलटही घडतं, आणि ते आपल्या गडचिरोलीत घडलेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाचे श्वास मोजायचे होते. गावच्या सुईणींना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते. कुणी म्हणालं असतं, जमणार नाही. त्यांनी मण्यांचं एक साधन केलं. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. मी ते साधन पाहिलं तेव्हा मला माझा सालगडी आठवला. त्याच्या सोमवार-एकादशीच्या हिशेबात मी गोळी बसवून दिली असती तर? पुढे तिथल्या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. 'लॅन्सेट'मध्ये ते १९९९ साली छापून आलं. गावं तीच, गरिबी तीच. फक्त ज्ञान देणाऱ्यांनी खाली बसून दिलं होतं.

तुमच्यातले काही बँकेत जातील, काही तहसीलला, काही शाळांत, काही दवाखान्यांत. टेबलाच्या अलीकडे तुम्ही असाल, पलीकडे कुणीतरी उभं असेल. त्या माणसाला बसायला सांगा, आपण काय सांगितलं ते त्याच्या तोंडून एकदा परत ऐका. मला यासाठी अर्धं मिनिट जास्त लागलं असतं.

आणि एक काम घरचं. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलं जास्त शिकलेली असतील तर आईबाप जास्त जगतात असं दिसलं. आईबाप स्वतः किती शिकलेत हे धरूनही. म्हणजे या पदवीतली काही वर्षं मागच्या रांगेत बसलेल्या तुमच्या आईबापांची आहेत. तुमच्यातले कितीतरी जण घरातले पहिले पदवीधर आहात. तुमच्या घरी कपाटावर नाहीतर पेटीत प्लास्टिकची एक पिशवी असेल. तिच्यात जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं. उद्या ती खाली काढा. आईशेजारी बसून एकेक कागद तारखेनं लावा. कुठली गोळी कशासाठी, ती कशी घेते, तिच्या तोंडून ऐका. जे कळणार नाही ते वहीत लिहा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. डॉक्टरांनी तुम्हाला शिकलेलं पाहून खुर्ची पुढे केली, तर तिच्यावर आईला बसवा.