झीलकऱ्याचा चेहराही आला पाहिजे

(वस्तीतल्या युवक शिबिरात, कार्यक्रमांचे फोटो काढणाऱ्या पोरापोरींपुढे केलेलं भाषण)



आज ठराव मांडायचा नाही, कुणाचा निषेधही करायचा नाही. आज कॅमेऱ्यावर बोलायचंय. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला वस्तीत स्टेज लागतं. शाहीर उभा राहतो, ढोलकी कडाडते, समोर शंभर मोबाईल वर होतात. दुसऱ्या दिवशी फोटो बघा. शाहिराचा कुडता चुन्यासारखा पांढराफेक, चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मागचा ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी अंधारात गडप. पाहुण्यांच्या खुर्च्या मात्र लख्ख! विचारलं तर पोरं म्हणतात, "भाऊ, लाईटच नव्हता." लाईट होता. तो कुणाच्या चेहऱ्यावर मोजायचा हे कॅमेऱ्यानं ठरवलं. ते तुम्ही ठरवायला पाहिजे. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच.

आधी कॅमेऱ्याचं डोकं समजून घ्या. त्यातला मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडी रंगावर आणायला बघतो. त्याला माणूस कळत नाही. मागं एलईडीचा झगझगीत पडदा असला की तो म्हणतो, उजेड फार झाला, आणि चित्र अंधारं करतो. शाहिराचा चेहरा गेला! मागं काळं कापड असलं की उलटं. तो उजेड वाढवतो आणि चेहरा भाजून निघतो. म्हणून पहिल्या वेळी एक्स्पोजर एक पायरी वाढवा, दुसऱ्या वेळी एक पायरी उतरवा. त्याहून चांगलं म्हणजे स्पॉट मीटरिंग लावा आणि थेट चेहऱ्यावर मोजा. एकदा आकडा बसला की मॅन्युअलवर जा आणि तो तसाच ठेवा. बॅनर हलला, लाईट मागं फिरला, तरी चेहरा जागचा हलणार नाही.

आता कुणी म्हणेल, यंत्राला कसली जात आणि कसला रंग! तर ऐका. १९५०च्या दशकापासून अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कातडी बरोबर आली की रंग बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशोबात नव्हतेच. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी हे खणून काढलं. त्यात एक गोष्ट अशी की गडद रंग फिल्मवर नीट येत नाहीत म्हणून कंपनीकडे जोर धरला तो चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी. टेबलाचा तपकिरी रंग नीट यावा म्हणून फिल्म सुधारते, माणसाचा यावा म्हणून नाही. च्यायला, ही व्यवस्था आपल्या ओळखीची नाही का?

आज फिल्म गेली. पण मोबाईलमधलं 'ब्यूटी' उघडून बघा. ते सुरकुती पुसतं, घाम पुसतं आणि पुष्कळ फोनांत कातडी उजळ करतं. शाहिराच्या कपाळावरचा घाम हीच त्याची कमाई. ते बटण आधी बंद करा. आपला काळा माणूस गोरा दिसावा अशी भीक आपण मागत नाही. काळा तो काळाच यावा, पण त्या काळ्यातली प्रत्येक रेघ दिसावी. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतील; मग बोट वरखाली सरकवून उजेड ठरवा. 'नाईट मोड' बंद. तो थोडा थोडा वेळ उजेड गोळा करत बसतो, तेवढ्यात शाहीर तीन पावलं फिरून येतो. चिमटीनं झूमही करू नका. पायानं पुढं जा.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी लिहून घ्या. महागडी लेन्स नको. पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स सगळ्यात स्वस्तातली, आणि वस्तीच्या स्टेजला पुरेशी. आयएसओ १६०० ते ६४०० बिनधास्त वाढवा. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार चेहरा हललेल्या चेहऱ्यापेक्षा बरा. गाणाऱ्यासाठी शटर १/१२५च्या खाली नको. डफावरची थाप गोठवायची तर १/५०० लागेल. पण ढोलकीवाल्याचा एक फोटो मुद्दाम १/६० वर काढा. डोकं स्थिर, बोटं मात्र धूर झालेली. लय दाखवायची हीच युक्ती. फोटो रॉमध्ये ठेवा. लाल-निळ्या एलईडीत चेहऱ्याचा रंग पार सपाट होतो, तो नंतर थोडाफार सावरता येतो. पांढरा लाईट येण्याची वाट बघितली तर आणखी बरं.

वस्तीतली एक खास अडचण आहे. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या ट्यूब आणि हलके एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. पट्टे दिसले की १/१०० वर या, नाहीतर १/५० वर. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर ते लावा.

फ्लॅश बंद. हे नीट समजून घ्या. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो. शाहीर दोन मीटरवर आणि ढोलकीवाला चार मीटरवर असेल, तर ढोलकीवाल्याला चौथा हिस्सा उजेड मिळतो. म्हणजे पुढच्याला सगळं, मागच्याला उरलंसुरलं. पुन्हा तीच उतरंड, आणि तीही आपल्याच हातानं! स्टेजवरचा लाईट सगळ्यांवर पडतो, तोच वापरा.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रॉय डिकरावा नावाचा काळा फोटोग्राफर होऊन गेला, १९१९ ते २००९. त्यानं कोल्ट्रेनसारख्या जॅझ वादकांचे फोटो काढले. फ्लॅश नाही, क्लबात जेवढा उजेड तेवढ्यावर. त्याचे फोटो पहिल्या नजरेला नुसता अंधार वाटतात. थोडं थांबलं की त्या अंधारातून कपाळ दिसतं, गाल दिसतो, सॅक्सोफोनवरची बोटं दिसतात. काळोख म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे त्यानं दाखवलं. त्याचं पुस्तक मिळालं तर बघा.

आता जथ्था. आपलं गाणं एकट्याचं नाही. १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. जलसा काय, कलापथक काय, एकट्याच्या गळ्यावर उभं राहत नाही. एफ १.८ वर शाहिराचा डोळा धारदार येतो आणि दोन हात मागचा पेटीवाला धुरकट होतो. एकट्याचा फोटो हवा तेव्हा ठीक. जथ्था घेताना एफ ४, एफ ५.६ वर या आणि आयएसओ चढवा. अगदी समोर उभे राहू नका. माईक तोंड झाकतो, आणि स्टेज उंच असेल तर नुसत्या नाकपुड्या दिसतात. थोडं मागं, बाजूला, तिरकं उभं राहा. तिथून माणसं एकामागं एक न लपता ओळीनं दिसतात.

आणि गाणं ऐका! कान बंद ठेवून गाण्याचा फोटो निघत नाही. ध्रुपद कधी येतं ते दोन कडव्यांत कळतं. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती उचलतात, त्या क्षणी सगळी तोंडं एकदम उघडी असतात. तिथं बटण दाबा. खालच्या सतरंजीवर बसलेल्या आयाबायांच्या डोळ्यांपुढं मात्र उभं राहायचं नाही. गाणं त्यांच्यासाठी आहे. दोन मिनिटं स्टेजकडे पाठ करून त्यांचेही फोटो घ्या. एखादी म्हातारी ओठांत तेच गाणं म्हणत असते.

मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीला वेगळा हिशोब. उलटं चालत फोटो काढायचा म्हणजे मागं एक दोस्त हवाच. शटर १/२५० च्या पुढं, लेन्स रुंद, कॅमेरा छातीच्या उंचीवर.

शेवटचं. कॅमेरा चेहरा देतो तसा पकडूनही देतो. १९७० साली पोलरॉइड कंपनीतल्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या काळ्या कामगारांना कळलं की आपल्या कंपनीचा कॅमेरा दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकांचे फोटो काढायला वापरला जातोय. ते लढले, नोकऱ्या गेल्या. १९७७ साली कंपनीला तिथून गाशा गुंडाळावा लागला. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या तिघा कलावंतांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. तेव्हा गाणाऱ्याला विचारा, फोटो कुठं जाणार ते सांगा. फोनमध्ये फोटोसोबत जागेची नोंद होते, ती बंद करा. नको म्हणणाऱ्याचा फोटो पुसा, त्याच्यासमोर पुसा.

जो हो म्हणेल, त्याचं नाव लिहा. स्मरणिका चाळा, फोटोखाली छापलेलं असतं: 'शाहीर व साथीदार'. या 'व साथीदार'मध्ये आपली किती माणसं गाडली गेली! कार्यक्रम संपला की वही घेऊन स्टेजमागं जा. ढोलकी कोण, पेटी कोण, तुणतुणं कोण, झील कुणी ओढली. नाव, वस्ती, तारीख लिहा. फोटो दोन ठिकाणी साठवा. आणि एक प्रत कागदावर छापून त्या ढोलकीवाल्याच्या घरी नेऊन द्या. मोबाईल फुटतो. भिंतीवरचा फोटो नातवंडं बघतात.

जयभीम.