आपल्या सरकारची लाठी
(रामटेकच्या मेळाव्यातील भाषण)



आज शिकलेल्या माणसांबद्दल बोलतो. त्यात मीही आलोच.

विनोबा आपल्या बाजूचेच, पवनारचे. 1951 पासून भूमिहीनांसाठी जमीन मागत देशभर पायी हिंडले. मी त्यांना मानतो. पण 1975 साली आणीबाणी आली, माणसं बिनखटल्याची तुरुंगात गेली, तेव्हा मौनात असलेल्या विनोबांनी 'अनुशासन पर्व' असे दोन शब्द लिहून दिले. त्यांचे लोक म्हणतात, अर्थ वेगळा होता. असेल बाप्पा. सरकारनं मात्र ते शब्द देशभर मिरवले. पुढच्या वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं, तर त्यांच्याच 'मैत्री' मासिकाचा अंक पोलिसांनी जप्त केला!

1975 च्याच डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत. आदिवासींचा अभ्यास करत जंगलात हिंडताना विषारी सुरण खाण्यात आला आणि कित्येक वर्षं अंथरुणावर पडल्या, त्याच या बाई. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, दिल्लीचे मंत्री. त्यांच्या देखत बाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढं बाईंना अटक झाली.

तेव्हा मीही चोरून पत्रकं वाटली. ती फुशारकी पुष्कळदा मारली. आता पुढचं सांगतो.

14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. आम्ही पेढे वाटले. हे सरकार आपलं वाटलं. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला नागपुरात विधानभवनावर गोवारींचा मोर्चा आला. पोलिसांच्या लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली, 114 जीव गेले. बाया आणि लेकरंच जास्त. आणि आम्ही शिकलेले काय म्हणालो? गर्दी आवरली नाही, अपघात झाला, विरोधकांच्या हाती कोलीत काहून द्यायचं? इथं बसलेल्यांपैकीही काही जण तेव्हा म्हणाले होते, आपल्या सवलतीत वाटेकरी कशाला. मी कानानं ऐकलं आहे.

आमच्या गावचा गुराखी गोवारीच. चार दिवसांनी ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "मास्तर, त्या वक्ताले तं पत्रकं वाटत होते. आता कागद सरला काय?"

मी म्हटलं, चौकशी होऊ दे.

तो उठला, गुरं सोडून रानात गेला. त्यानंतर माझ्या ओसरीवर तो कधी बसला नाही.