गिअरबॉक्स उघडण्याआधी



दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या बन्नीमंटपात जुन्या ऑटोमॅटिक गाडीवर बोलायला याहून योग्य वेळ नाही. जंबू सवारीच्या, म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीच्या, गर्दीत इथली प्रत्येक गाडी ब्रेकवर पाय ठेवून रांगते. त्याच सुमारास आयुधपूजेला आपण बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा फवारा मारतो. मग सिग्नलला उभ्या गाडीचं आयडलिंग वर-खाली व्हायला लागतं. आरपीएमचा काटा दीड हजारावर चढतो, आठशेवर कोसळतो, पुन्हा चढतो. कुणीतरी सांगतं, गिअरबॉक्स गेला.

बहुधा तो गेलेला नसतो.

इथून जवळच, यादवगिरीत, १९६१ ते १९९६ आयडियल जावाचा कारखाना चालला. त्या मोटरसायकलींवर हात बसलेले मिस्त्री नुसत्या कानाने कार्बोरेटरचा स्क्रू जुळवत. ती विद्या खरी. पण तसाच स्क्रू नव्वदच्या दशकातल्या इंजेक्शनच्या गाडीत शोधून फिरवला, की दुखणं झाकलं जातं आणि पुढच्या माणसाला ते सापडत नाही.

दुखणं असं असतं. इंजिनात कुठूनतरी जादा हवा शिरते. कॉम्प्युटर त्या हवेइतकं पेट्रोल देतो आणि इंजिनाचा वेग वाढतो. ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि वेग तर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, म्हणजे गाडी उतारावर असावी, असं समजून तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, आणि हेच चक्र चालू राहतं. आता गंमत पाहा. लिव्हर डीमध्ये टाकला की टॉर्क कन्व्हर्टरचा भार येतो, वेग त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही आणि हे वर-खालीचे झोके थांबतात. पीमध्ये झोके, डीमध्ये शांत, यावरून लोक गिअरबॉक्सला दोषी ठरवतात. वास्तविक हा पुरावा त्याच्या बाजूचा आहे.

तेव्हा शोधायची ती हवा. सुरुवात मात्र कुलंटपासून करा, इंजिन थंड असताना. त्या काळच्या कित्येक गाड्यांत थंड इंजिनाला जादा हवा देणारा व्हॉल्व्ह कुलंटच्या उष्णतेने बंद होतो. पातळी उतरली किंवा आत हवेचा फुगा अडकला, तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो. कुलंट भरून नीट हवा काढली की पुष्कळ गाड्या तिथेच बऱ्या होतात, आणि या तपासणीला खर्च जवळजवळ नाही.

तेवढ्याने भागलं नाही, तर रबरी पाइप पाहा. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप पकडीने हलकेच दाबा. झोके थांबले, तर गळती त्याच वाटेवर. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा, पाइप अनेकदा मागच्या बाजूने चिरलेला असतो, तिथे बोट फिरवून बघा. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे. मला ती पसंत नाही, आग लागते. धूर सोडून तपासणारं यंत्र असेल तिथे गाडी न्या.

मग थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. काजळी धरलेला व्हॉल्व्ह अडकतो. आधी साफ करा, बदलायचं नंतर. पूजेच्या धुण्यानंतरच तक्रार सुरू झाली असेल, तर सेन्सरचे कनेक्टर काढून कोरडे करा.

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांसाठी एक स्थानिक गोष्ट. पुस्तकातला १७ ते २२ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो, आणि म्हैसूर अंदाजे २,५०० फुटांवर आहे. इथे १६ इंच दिसले म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका.

ही सगळी तपासणी लिव्हर पीमध्ये, हँडब्रेक ओढून करायची. डीमध्ये पाहायचं असेल, तर एक जाणता माणूस ब्रेकवर हवा आणि गाडीसमोर कुणीही नको. वेग अचानक चढला तर ऑटोमॅटिक गाडी पुढे झेप घेते.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा एवढंच नीट सांगा: झोके थंड असताना येतात की तापल्यावर, पीमध्ये की डीमध्ये, एसी लावल्यावर काय होतं. आणि कुलंट, पाइप, थ्रॉटल बॉडी तपासल्याशिवाय गिअरबॉक्सच्या अंदाजपत्रकावर सही करू नका.