मनोरुग्णांच्या सेवेचे शिक्षण आणि आपला समाज
(काल्हेर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर आपल्या गुणवंत मुलामुलींचा गौरव होतो आणि पाहुणे त्यांना डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, वकील व्हा, असा आशीर्वाद देऊन जातात. ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही ज्या व्यवसायाविषयी बोलणार आहोत, त्याचे नाव येथे कोणी उच्चारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याला व त्याच्या घरच्यांना साह्य करणारा, आणि त्यासाठी रीतसर शिक्षण घेतलेला सेवक, असा हा व्यवसाय होय.

काल्हेरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे. आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ या वाक्याचा अर्थ उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतरांना ती थट्टा वाटते, आपल्याला तो रोजचा रस्ता आहे. तेथील मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालये धरून राज्यात अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि त्यांत ठाण्याची मंजूर क्षमता दीर्घकाळ १८५० खाटांची राहिली. एवढे मोठे रुग्णालय शेजारी असूनही आपल्या गावांतील रुग्ण तेथे पोहोचतो तो बहुधा सर्व देवऋषी, भगत आणि नवस संपल्यानंतर. उपचार घेऊन तो घरी परतला, की पुढे त्याचे काय करावयाचे, हे घरच्यांना कोणीच सांगितलेले नसते. घर आणि खाट यांच्यामधल्या वाटेवर माणूस नाही, ही खरी अडचण आहे.

ही केवळ आपलीच स्थिती नव्हे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली देशातील मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला आणि त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते. आजाराच्या प्रकारानुसार उपचारावाचून राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ पर्यंत होते. लोकसंख्येच्या मानाने आपल्या देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही. तेव्हा केवळ डॉक्टर वाढण्याची वाट पाहावयाची म्हटले तर आपल्या दोन पिढ्या त्यात जातील.

आपल्या गावांत काय घडले आहे, याचा विचार करू. भाताची खाचरे गेली आणि त्यांवर गोदामे उभी राहिली. खाडीवरचा धंदा बसला. काही घरांत पैसा आला, काहींत आलेला पैसा टिकला नाही. परंतु दोन्ही ठिकाणी तरण्या माणसांचे हात रिकामे झाले. रिकाम्या हातांत बाटली कशी येते, हे या सभेला सांगावयास नको. दारू सोडविण्याचा घरगुती उपाय म्हणजे माणसाला खोलीत कोंडून ठेवणे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली, की काहींचे हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते, क्वचित आकडी येते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना नसलेली माणसे दिसू लागतात, भिंतीवर किडे फिरताना दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरचे झाले. भगताला बोलावणे जाते. वास्तविक ती जिवावरची वेळ असते आणि त्या माणसाला त्याच रात्री रुग्णालयात न्यावयाचे असते. एवढी एकच गोष्ट जाणणारा माणूस गावात असता, तर कित्येक सुना अकाली विधवा झाल्या नसत्या, असे आम्हांस वाटते.

असा माणूस तयार होऊ शकतो काय? होऊ शकतो, आणि तो आपल्या शेजारीच झाला आहे. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने सामान्य पदवीधरांना, ज्यांना वैद्यकाचा गंधही नव्हता अशांना, दोन महिने शिकविले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. उदासीनता व चिंता यांनी त्रस्त झालेल्या रुग्णांशी त्यांनी बोलावे, आजार समजावून द्यावा आणि गरज पडेल तेथे डॉक्टरकडे सोपवावे, अशी योजना होती. त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत निश्चित निदान झालेल्यांपैकी, ज्यांना असा सेवक लाभला त्यांतले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. ज्यांना तो लाभला नाही त्यांतले सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे ही विद्या गरिबाच्या दवाखान्यात अधिक फळते. पुढे आपल्या नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातलीच विश्वासाची माणसे निवडून, दुःखी माणसाला ओळखावे कसे आणि धीर द्यावा कसा, हे त्यांना शिकविण्यात आले.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशातही २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना असे शिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, आणि तिच्याजवळ मन मोकळे करणारा रुग्ण. हे वाचताना आम्हांस आपली धवलारीण आठवली. लग्नघरात तिच्यावाचून पान हलत नाही, प्रत्येक घराचे सुखदुःख तिला ठाऊक असते, आणि तिची विद्याही वर्षानुवर्षे ऐकून, थोरांच्या मागे बसूनच येते. आपल्या समाजाला हा शिक्षणप्रकार नवा नाही.

या सेवकाने शिकावयाचे काय? पहिली गोष्ट ऐकणे. ऐकणे सोपे वाटते. परंतु समोरचा रडू लागला की ‘अरे, त्यात काय एवढे’ असे म्हणावयाची आपली जुनी सवय आहे, आणि ती मोडण्यातच पहिले आठ दिवस जातात. आपल्या बाया ‘मन उदास आहे’ असे म्हणत नाहीत. डोके जड आहे, अंग मोडून येते, जीव घाबरा होतो, असे म्हणतात. हे बोल ओळखता आले पाहिजेत. अंथरुण धरलेल्या माणसाला एकदम कामावर धाडावयाचे नसते. आज अंगणापर्यंत, उद्या नाक्यापर्यंत, परवा मासळी आणावयास बाजारात, असे थोडेथोडे काम नेमून द्यावयाचे, ही मान्य झालेली उपचारपद्धतीच आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करणे हे पुन्हा आजारी पडण्याचे मोठे कारण. तेव्हा गोळ्यांवर नजर ठेवणे आणि तोंड कोरडे पडते, हात कापतात अशा तक्रारी डॉक्टरपर्यंत नेणे हेही त्याचेच काम. आणि जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हे स्पष्ट शब्दांत विचारणे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने माणूस बहुधा मोकळा होतो आणि वेळीच मदत बोलाविता येते. १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’ दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे व तेथे मराठीतून बोलता येते. तो आताच टिपून घ्यावा.

हा सेवक डॉक्टर नव्हे. त्याने औषध देऊ नये, निदान सांगू नये. चार दिवसांचा वर्ग करून दारावर समुपदेशकाची पाटी लावणारे अलीकडे पुष्कळ निघाले आहेत. त्यांपैकी एक आपल्याला आणखी नको आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो, तिच्याकडे येतो. ती आहे सोयरीक. घरात एक मुलगी भ्रमिष्ट झाली, तर तिच्या तीन भावंडांची लग्ने अडतील, या धाकाने तिला मागच्या खोलीत ठेवले जाते. या सभेतच उद्याच्या सोयरिकी जुळतात. म्हणून या सभेतच ते बोलले पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे आणि आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याला दिला आहे. परंतु मागच्या खोलीची कडी कायद्याला दिसत नाही.

गावातला सेवक आपली बोली बोलतो, म्हणून घर त्याला दार उघडते. तोच गावातला आहे, म्हणून घर त्याला भिते. हा पेच खरा आहे. त्यावर आमचे मत असे, की काल्हेरच्या मुलीने कशेळीत वा पूर्ण्यात काम करावे आणि तेथल्या मुलीने काल्हेरात. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेल्याचे सिद्ध झाल्यास तिला तत्काळ कामावरून दूर करावे, मग ती कोणाचीही लेक असो.

हे काम फुकट करून घेऊ नये. समाजसेवा म्हणून दोन महिने उत्साह टिकतो, तिसऱ्या महिन्यात मुलगी गोदामात नोकरीला लागते. तिला दरमहा पगार हवा. पैसा कोठून येईल, असे चिटणीस विचारतील. हळदीच्या एका रात्रीला काय लागते, तो आकडा आम्ही सांगत नाही. ज्यांनी हळदी केल्या आहेत त्यांना तो पाठ आहे.

म्हणून मंडळापुढे आमची मागणी अशी: यंदाच्या शिष्यवृत्त्यांपैकी दोन या शिक्षणासाठी राखाव्यात, एक मुलीस व एक मुलास. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथील तज्ज्ञांना भेटून अभ्यासक्रम, देखरेख व खर्च यांचा आराखडा कार्यकारिणीने करावा. उमेदवार निवडताना गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव पाहावा, आणि ज्या घराने असा रुग्ण सांभाळला आहे त्या घरातील मुलाला अग्रहक्क द्यावा. अर्ज चिटणिसांकडे बंद पाकिटात द्यावेत. पाकिटावर नाव घालू नये. पुढच्या बैठकीपर्यंत एकही पाकीट आले नाही, तर आम्ही स्वतः घरोघर येऊ.