चवीचं ज्ञान कोणाचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपण, आणि मी आज वाइनवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. मला वाइनची भलामण करायची नाही. ज्ञानाच्या जोरावर माणसाला गप्प कसं केलं जातं आणि तेच ज्ञान वाटलं तर काय घडतं, हे या उदाहरणात स्वच्छ दिसतं.

पाश्चात्त्य देशांत वाइनचा जाणकार असणं प्रतिष्ठेचं. हा वर्ग दीर्घकाळ पुरुषांचाच होता. पेला कसा धरला, नाव कसं उच्चारलं, यावरून समोरच्याची पायरी ठरते. दणकट वाइन ‘पुरुषी’, नाजूक ती ‘बायकी’, असंही बिनदिक्कत म्हटलं जातं.

या अधिकारवाणीत तथ्य किती? फ्रान्समधल्या बोर्डो इथला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण वास नसलेला लाल रंग मिसळून. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं! चव खोटी असते, असा याचा अर्थ नाही. डोळ्यांनी आधीच ठरवलेलं नाक मुकाट्याने मान्य करतं, एवढाच अर्थ.

मग खरी रसिकता कोणती? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वाइनशास्त्र विभागात १९७४ मध्ये अ‍ॅन नोबल रुजू झाल्या. त्या विभागातल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘गंधचक्र’ मांडलं. मधल्या वर्तुळात ढोबळ शब्द: फळांचा, फुलांचा, मसाल्याचा. बाहेर सरकत गेलं की नेमके शब्द: लिंबू, मिरी, लवंग. ‘भारदस्त’, ‘खानदानी’ अशा शेऱ्यांना तिथे जागाच नाही. साध्या वाइनमध्ये लवंग घालून ठेवायची, हुंगायची, तो वास लक्षात ठेवायचा. ज्याला नाक आहे त्याला हे शिकता येतं.

आता बघा, डाळ लागली, तूप कढलं, मसाला खमंग भाजला, हे बायका वासावरून ओळखतात. तेही याच जातीचं ज्ञान. पण ते ‘बायकांचं काम’ ठरतं आणि पेल्याभोवतीचं ‘अभिरुची’ ठरतं. फरक नाकात नाही, सत्तेत आहे.

म्हणून ज्ञान पारखायची माझी कसोटी साधी आहे: ऐकल्यावर समोरची बाई बोलती होते की गप्प? ‘पितृसत्ता’, ‘सक्षमीकरण’ हे आपले शब्दही याच कसोटीवर घासून बघू या. वस्तीतली नवी मैत्रीण बैठकीतून शब्द घेऊन घरी गेली पाहिजे, दडपण घेऊन नव्हे.