रवा द्रव आहे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आळीतली आठ-दहा मुले माझ्याकडे अभ्यासाला बसतात. त्याविषयीच बोला, असा आपण आग्रह केलात, म्हणून उभी आहे.

मुलांना स्थायू, द्रव आणि वायू शिकायचे असतात. व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो. एके दिवशी चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, रवा डब्यात ओतला की डब्याचा आकार घेतो. मग तो द्रव का?" वर्गात तिने हेच विचारले, तेव्हा मुले हसली आणि "पुस्तकात आहे तेवढे पाठ कर" असे उत्तर मिळाले. तेव्हापासून तिने हात वर करणेच सोडले होते.

मला तर तिचा प्रश्न फार शहाणपणाचा वाटला. एका ताटात रवा ओतला, दुसऱ्यात पाणी. रव्याची रास झाली, पाणी सपाट पसरले. मग रव्याचा एक कण बोटावर घेऊन पाहायला लावला. डब्यात असो की ताटात, कणाचा आकार तोच. म्हणजे रवा स्थायूच. आपण ओततो तो पुष्कळ कणांचा ढीग. पोरीचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू!

असे धडे आपल्या घरात जागोजागी आहेत. थंडीत खोबरेल तेल थिजते, कारण सुमारे २४ अंशांखाली ते गोठू लागते. बाटली उन्हात ठेवली की पुन्हा पातळ. डबीतला कापूर न वितळताच हवेत उडून जातो. पेल्याच्या तळाशी कागद घट्ट बसवून पेला पालथा, सरळ पाण्यात बुडवा. कागद कोरडाच राहतो. आत हवा आहे आणि तिलाही जागा लागते, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मुलाला आवर्जून सांगावी. पातेल्यावर पांढरे दिसते ते पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. उकळत्या किटलीच्या तोटीपाशी थोडी जागा मोकळी दिसते, तिथेच ती असते. मुलाला वाटते, इथे काही नाही, आणि तिथेच हात भाजतो. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जबर बसतो.

तसेच गॅसचे. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. बाहेर येताच त्याचा वायू होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. कळावे म्हणून त्याला मुद्दाम वास दिलेला असतो. वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. स्थायू, द्रव, वायू हा धडा नुसत्या परीक्षेपुरता नाही, तो असा.

भगिनींनो, "आम्ही कुठे शिकलेल्या?" असे म्हणून आपण मुलांचे प्रश्न टाळतो. उत्तर येत नसेल तर "चल, करून पाहू" एवढे तरी म्हणता येते. त्याला पदवी लागत नाही. त्या मुलीने गेल्या महिन्यात वर्गात पुन्हा हात वर केला, असे तिच्या आईने सांगितले. आपल्या घरातले एकही मूल विचारायचे थांबू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.